रविवारी थांबणारी माती

"काय उकडतंय ना आज?" असं जिन्यात कुणी सहज म्हणालं, की ढेकूळराव त्या माणसाकडे असं बघत, जणू त्याने चारचौघांत नाक शिंकरलंय. मग दोन्ही हातांनी पॅंट पोटावर ओढत आणि म्हणत, "उकडतंय ते हवेला. हवेचं काय घेऊन बसलात? हवा उथळ असते. कधीतरी जमिनीचं विचारा." समोरचा विचारत नसेच. ढेकूळराव न विचारता सांगत. पाच सेंटिमीटरवर एकतीस पूर्णांक चार, दहावर तीस, वीसवर साडेअठ्ठावीस. ऐकणाऱ्याच्या पिशवीतलं दूध नासायला आलं तरी यांची जमीन काही संपत नसे.

ढेकूळराव हे नाव तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ठेवलं. एकदा त्यांच्या नव्या पडद्यांवर या गृहस्थांनी मातीच्या हातांचे दहाही ठसे उठवले, त्या दिवशी. तोंडावर सगळे काका म्हणत, माघारी ढेकूळराव. आणि खरंच, माणूस तसाच होता. लांबून दगडासारखा टणक, बोट लावलं की भुगा.

नोकरी निरीक्षकाची. जमीन आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचा तुकडा गावाच्या कडेला होता, बसच्या शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटं चालत. तुकडा म्हणजे दोन खोल्यांएवढी जागा, भोवती काटेरी तार. आत झडपांची एक पांढरी पेटी, पाऊस मोजायचं नळकांडं, पाण्याची वाफ किती होते ते बघायला ठेवलेली एक परात, जिचा उपयोग मुख्यतः कावळे करत. आणि जमिनीत खुपसलेले चार तापमापक, मान वाकडी केल्यासारखे. त्यांच्यापुढे गुडघे टेकून सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता पारा बघायचा, वहीत आकडा लिहायचा. एवढंच काम. पण ढेकूळराव ते असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं पृथ्वी रोज सकाळी यांची वाट बघत ताटकळत उभी असते.

सात आणि दोन, आठवड्याचे सातही दिवस. सगळी गोम त्या सातव्या दिवसात होती.

पूर्वी जोडीदार होता. तो बदलून गेला, जागा भरली नाही, आणि "तूर्त तुम्हीच रविवारचंही बघा" असं वरून सांगण्यात आलं. तूर्तला अठरा वर्षं झाली. पहिला महिनाभर ढेकूळराव कुरकुरत रविवारी गेले. दुसऱ्या महिन्यात त्यांना अक्कल सुचली. शनिवारी दुपारी दोनच्या नोंदी झाल्या, की तिथल्याच स्टुलावर बसायचं, थर्मासातला चहा ओतायचा आणि रविवारच्या नोंदी लिहून टाकायच्या. शनिवारचे आकडे घ्यायचे. एक दशांश इथे वाढवायचा, एक तिथे कापायचा, दोन तसेच ठेवायचे, म्हणजे बघणाऱ्याला खरं वाटतं. ही फसवणूक आहे असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही. ते याला अनुभव म्हणत.

"माती काय एका रात्रीत पळून जाते का?" ते बायकोला म्हणत.

वहिनी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसत. दिवसभर लोकांची खोटी वयं ऐकून त्यांचे कान तयार झाले होते. त्या म्हणत, "माती नाही पळत. तुम्ही पळता. आणि तेही अंथरुणातल्या अंथरुणात."

सोमवार ते शनिवार मात्र माणूस जात असे, हे शत्रूनेही कबूल करावं. पाऊस असो, ताप असो, सात म्हणजे सात. त्या सहा दिवसांच्या जोरावरच ते सातव्या दिवशी घोरत, आणि त्याच जोरावर जिन्यात छाती काढून सांगत, "यंत्र चुकेल. माझा आकडा चुकणार नाही."

या संस्थेचे साहेब म्हणजे आणखी एक पात्र. त्यांच्या कपाटाच्या मुठीला परिषदांचे बिल्ले टांगलेले असत, रंगीत नाड्यांसकट, साठ-सत्तर तरी. कपाट उघडलं की खुळखुळाट. भिंतीवर मोठा कागद, त्यावर ठळक अक्षरांत "आगामी". मार्चमध्ये जमिनीवरची परिषद, जूनमध्ये पृथ्वीच्या सगळ्या व्यवस्थेवरची, ऑक्टोबरात हवामानावरची. मधल्या महिन्यांत त्या तिन्हींची तयारी कशी करावी यावरच्या बैठका. प्रत्येक परिषदेत तीन दिवस चर्चा होई आणि शेवटी एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होई, ते म्हणजे पुढच्या परिषदेची तारीख. जमिनीविषयी इतकं बोलणारा हा माणूस त्या तुकड्यावर दोनदाच आला होता. एकदा फोटो काढायला, आणि दुसऱ्यांदा, फोटोत डोळे मिटले म्हणून, परत काढायला.

तर या साहेबांच्या हाताखाली एक मुलगी संशोधनाला आली. जाड चष्मा, डबा विसरायची सवय, आणि कामाला अशी चिवट, की बघणाऱ्याला दम लागावा. सगळे तिला चष्मेवाली म्हणत. तिने ढेकूळरावांच्या अठरा वर्षांच्या वह्या काढल्या, धूळ झटकली आणि सात महिने बसून एकेक आकडा संगणकात भरला. आठव्या महिन्यात ती साहेबांच्या खोलीत धावत गेली.

"सर, माती रविवारी थांबते!"

"म्हणजे?"

"शनिवार ते रविवार तापमान जवळपास हलतच नाही. उन्हाळा, हिवाळा, काही असो. आणि सोमवारी एकदम उडी. दर आठवड्याला, सर. अठरा वर्षं!"

आता कुठल्याही साध्या माणसाने, आपल्या शिंपीणबाईंनीसुद्धा, पहिला प्रश्न हा विचारला असता की रविवारी तिथे जातं कोण. पण ही शिकलेली माणसं. साहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "कारखाने बंद. वाहनं कमी. धूर कमी. शांत रविवार!" झालं, बारसं आटोपलं. चार महिन्यांत निबंध तयार. एका परीक्षकाने हळूच विचारलं होतं, की शेजारच्या कुठल्याच केंद्रावर असं का दिसत नाही. साहेबांनी उत्तर पाठवलं, की आमचं केंद्र असामान्य आहे याचाच हा पुरावा.

निबंध पक्का करायच्या आधी चष्मेवाली ढेकूळरावांना भेटायला तुकड्यावर आली होती. वही मांडीवर घेऊन तिने विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. रविवारी सकाळी काही वेगळं जाणवतं का हो?"

ढेकूळरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. रविवारी सकाळी सात वाजता. पांघरूण, पंखा, स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज.

"शांत वाटतं," ते म्हणाले.

तिने ते लिहून घेतलं. निबंधात ते वाक्य छापून आलं, "स्थानिक निरीक्षकाच्या प्रदीर्घ अनुभवानुसार" अशा थाटात. ढेकूळरावांनी ते पान लॅमिनेट करून घेतलं आणि बैठकीच्या खोलीत टांगलं. वहिनी ते वाचून आधी हसल्या, मग खाली बसून हसल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, "धन्य आहात! तुम्ही झोपता म्हणून पृथ्वी सुट्टी घेते."

"तुला विज्ञानातलं कळतं का काही?"

"नाही बाई. मला फक्त तुमचं घोरणं कळतं."

इथवर सगळं मजेत चाललं होतं. निबंध कुठल्या तरी मासिकात, मासिक कुठल्या तरी कपाटात, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण साहेबांच्या अंगात आलं. ऑक्टोबरची ती मोठी परिषद, हवामान, जमीन आणि उरलेली पृथ्वी अशी सगळी एकत्र कोंबलेली, त्यांनी आपल्याच गावात ओढून आणली. शुक्रवार, शनिवार, रविवार. कार्यक्रमपत्रिका छापून आली. ढेकूळरावांनी ती जिन्यात सगळ्यांना दाखवत दाखवत वर आणली आणि घरी येऊन शेवटचं पान वाचलं. रविवार, सकाळी सात : शांत रविवारचं प्रत्यक्ष निरीक्षण, क्षेत्रकेंद्रावर. नोंद घेणार : ज्येष्ठ निरीक्षक. सगळ्या प्रतिनिधींसमोर.

ढेकूळरावांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चोरी उघडी पडली तर चौकशी होईल, तेवढं एक वेळ सोसता आलं असतं. पण मग जिन्यातून कसं उतरायचं? "माझा आकडा चुकणार नाही" हे वाक्य आता इमारतीतली पोरंसोरंही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत. त्या एका वाक्यावर हा माणूस उभा होता. ते काढून घेतलं तर उरली असती फक्त ओढून वर घेतलेली पॅंट.

"त्या मुलीला सांगून टाका," वहिनी म्हणाल्या. या वेळी हसल्या नाहीत. "बिचारीने सात महिने डोळे फोडलेत. परिषदेआधी कळलं तर निदान सावरेल."

"वेडी की काय तू? साहेबांचं तीन परिषदांत भाषण ठरलंय यावर. मार्चची, जूनची, सगळी पत्रकं छापून झालीत. आता सांगून कुणाचं भलं होणार?"

"तुमचं होणार नाही, हे खरं."

"मी बघतो काय करायचं ते. शेवटी माती आहे. तिला मी ओळखतो."

"रविवारची ओळख कधी झाली?"

ढेकूळराव उठून आतल्या खोलीत गेले.

शुक्रवारी परिषद उघडली. मोठं सभागृह, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, बाहेर कॉफी आणि बिस्किटं. दूरदूरचे विद्वान एकमेकांच्या छातीवरचे बिल्ले वाचत फिरत होते. बिल्ला उपयोगाचा वाटला तरच नजर तोंडापर्यंत चढे. ढेकूळरावांनाही बिल्ला मिळाला. तो गळ्यात पडल्याबरोबर त्यांची भीती पंचवीस टक्के उतरली आणि पोट तेवढंच पुढे आलं. साहेबांनी त्यांना व्यासपीठावर उभं करून म्हटलं, "अठरा वर्षं, एकही दिवस न चुकता!" टाळ्या पडल्या. ढेकूळरावांनी मान लववली. मान लववताना चष्मेवाली त्यांच्याकडे बघून अशी कौतुकाने हसली, की दुसऱ्या कुणालाही जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं असतं. यांना फक्त किंचित घाम आला.

पाहुण्यांत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. बाकीच्यांच्या बुटांना चकाकी आणि यांच्या बुटांना वाळलेला चिखल, एवढ्यावरूनच त्या वेगळ्या ओळखू येत. कॉफीच्या वेळी त्या ढेकूळरावांना गाठून म्हणाल्या, "माझे वडीलही निरीक्षक होते. रविवारी मला पाठवायचे, आणि मी कंटाळा करायची. तुम्हाला नाही आला कधी कंटाळा?"

"कामाचा कसला कंटाळा!" ढेकूळराव म्हणाले आणि बिस्किटाचा तुकडा घशात अडकून खोकले.

शनिवारी दुपारी दोनची नोंद घेतली तेव्हा ऊन होतं. सकाळी सातला दहा सेंटिमीटरवर सव्वीस पूर्णांक दोन भरलं होतं. पण तीनच्या सुमाराला वारा फिरला, आभाळ भरून आलं, गारठा सुटला. ढेकूळरावांनी आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी दुपारी रविवारच्या मातीचा खरोखर विचार केला आणि त्यांची पाचावर धारण बसली. उद्या पारा चांगला चार-पाच अंशांनी उतरणार, हे त्यांनाही कळत होतं. सव्वीसची माती सव्वीसच ठेवायची, तर एकच उपाय होता. ते थेट वाण्याकडे गेले, सहा रिकामी पोती मागून आणली, आणि तिन्हीसांजेच्या आत तापमापकांभोवतीची जमीन अशी गुरफटून टाकली, जणू तिला सर्दी झालीय. पृथ्वी कशी तापते याचा विचार करायला दोनशे विद्वान गावात आलेले, आणि हा गृहस्थ तिला पोत्याने गरम ठेवत होता.

बेत साधा होता. सकाळी साडेसहाला जायचं, पोती उचलायची, कुंपणामागे फेकायची, आणि सातला गुडघे टेकून सव्वीस पूर्णांक एक असं खणखणीत वाचायचं.

पण दूरदेशीच्या पाहुण्यांची झोप गावच्या घड्याळाला कुठली जुमानते? निम्मी मंडळी पहाटे चारपासून जागी होती. हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझारा घालून कंटाळली, आणि बस पावणेसहालाच निघाली. ढेकूळराव साडेसहाला पोचले, तेव्हा कुंपणाभोवती कोट आणि कानटोप्या घातलेली गर्दी उभी होती, आणि सगळे सहा पोत्यांकडे बघत होते. एका पोत्यावर लिहिलं होतं, "उत्तम प्रतीचे बटाटे".

साहेब दात दाखवत होते, पण त्याला हसू म्हणवत नव्हतं. "हे... काही खास व्यवस्था आहे का?"

पांढऱ्या केसांच्या बाईंनी खाली बसून एका पोत्याचा कोपरा उचलला, खालच्या मातीला हाताचा पंजा लावला, मग बाहेरच्या मातीला. "ही गरम आहे," त्या म्हणाल्या. आणि ढेकूळरावांकडे वळून, "हे नेहमी घालता?"

आता माणसाला खरं बोलायची एवढी सुंदर संधी क्वचितच मिळते. समोर थेट प्रश्न, सगळे साक्षीदार, सकाळची वेळ. ढेकूळरावांनी चष्मेवालीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पॅंट वर ओढली.

"दर रविवारी," ते म्हणाले.

चष्मेवालीच्या हातातली वही खाली आली. "दर रविवारी? काका, पण का?"

"म्हणजे... जमिनीला आराम म्हणून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र झरझर हिशेब चालला होता. पोत्यांचा परिणाम असा वेगळा निबंध होईल का, हेही त्यांनी त्या दोन क्षणांत तपासून घेतलं असणार. कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण फाटकाजवळ चौकीदार उभा होता. नवा गणवेश, दाढी गुळगुळीत, इतके मोठे लोक आल्याने भलताच खुशीत. आपणही काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं.

"साहेब, आज तर खास तुमच्यासाठी उघडलं बघा! नाहीतर रविवारी फाटकाला कुलूप असतं. किल्ली माझ्या घरी. दहा वर्षांत पहिल्यांदा रविवारी कुलूप काढलं मी!" आणि ढेकूळरावांकडे बघून त्याने प्रेमाने हात हलवला. "हो की नाही, काका?"

 पांढऱ्या केसांच्या बाई गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निरीक्षकाच्या घरात वाढलेल्या त्या, त्यांना नवल कसलं वाटणार? त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाकीचे सहा दिवस?"

"खरे आहेत," ढेकूळराव पुटपुटले. "आईशप्पथ, बाई. सहा दिवस खरे आहेत."

"मग रविवार काढून टाका," बाई चष्मेवालीला म्हणाल्या. "सातातले सहा खरे असले तरी पुष्कळ झालं. मी पुष्कळ केंद्रं पाहिलीत."

चष्मेवाली रडली नाही. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला आणि बसमध्ये जाऊन बसली.

कुणाला वाटेल, आता आभाळ कोसळलं असेल. अजिबात नाही. चौकशी केली असती तर साहेबांना आधी स्वतःची चौकशी करावी लागली असती. दुपारच्या समारोपात त्यांनी शांत रविवारचं नाव काढलं नाही, आणि मंगळवारी भिंतीवरच्या "आगामी"च्या कागदावर मार्चच्या परिषदेपुढे नवा विषय चिकटवला होता : "दीर्घकालीन नोंदींत निरीक्षकाच्या वर्तनाचा परिणाम". त्यात पोत्यांचा फोटो. बटाट्यांसकट. जूनच्या परिषदेतही तेच भाषण, जरा लांबवून. या माणसाला तुम्ही चिखलात ढकला, तो चिखलावर निबंध वाचून येईल.

ढेकूळरावांना शिक्षा एकच झाली, आणि ती चष्मेवालीने मागून घेतली. अठरा वर्षांच्या वह्यांतले सगळे रविवार, पहिल्या महिन्यातलेसुद्धा, खोडायचे, आणि ते खोडताना ढेकूळरावांनी समोर बसायचं.

दोन आठवडे ते चाललं. संस्थेतली मागची खोली, लांब टेबल, वह्यांची चळत. ढेकूळराव तारीख वाचत, ती लाल पेन्सिलने आडवी रेघ मारत. सुरुवातीला ती रागाने विचारी, नंतर सवयीने.

"कुठे होतात?"

"झोपलो होतो."

रेघ.

"इथे?"

"मेव्हणीकडे. तिने कपाट घेतलं होतं, ते वर चढवायला."

रेघ.

"इथे?"

"दाढ दुखत होती... नाही, ती पुढच्या आठवड्यात. इथे झोपलो होतो."

घरी ढेकूळराव गप्प असत. जिन्यात हवेचं कुणी काही बोललं तर "हो, उकडतंय" म्हणून पुढे निघून जात. शिंपीणबाईंनी एकदा मुद्दाम अडवून विचारलंही, "काका, आज जमीन काय म्हणते?" ते नुसतेच भिंतीकडे सरकले. बाईंना मजा आली नाही म्हणून त्याच चिडल्या.

सातव्या वर्षाच्या वहीत, हिवाळ्यातल्या एका पानावर ढेकूळरावांचं बोट थांबलं. शनिवारी सकाळी दहा सेंटिमीटरवर चोवीस पूर्णांक एक. रविवारी सकाळी एकोणीस पूर्णांक तीन. चारही आकडे खाडाखोड केलेले. आधीचे खरवडून वर नवे, गडद, वाकडे.

"हा राहू द्या," ते म्हणाले.

"का?"

"हा खरा आहे."

चष्मेवालीने मान वर केली.

"आमचं भांडण झालं होतं," ढेकूळराव घाईघाईने सांगू लागले. "आमच्या हिचं आणि माझं. सकाळी सहाला मी घरातून निघालो. कुठे जाणार? बसमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्याला उतरलो. फाटकाला कुलूप. तारेवरून चढलो, पॅंट फाटली, इथपासून इथपर्यंत. रात्री गारा पडल्या होत्या. अजून दिसत होत्या गवतात, पांढऱ्या. मी पारा बघितला आणि... शनिवारीच लिहून ठेवलेलं होतं ना, ते खोडून हे लिहिलं. चारही. थंडीने हात कापत होता, म्हणून अक्षर असं आलंय. दुपारचा आकडा खोटा आहे, तो खोडा. पण हा सकाळचा माझा आहे."

तिने वही स्वतःकडे ओढली आणि बराच वेळ पाहिली. मग शेजारचा कागदांचा गठ्ठा चाळून एक यादी काढली.

"हा तर मी आठव्या महिन्यातच काढून टाकला होता, काका. निबंधातही घेतला नाही. खाडाखोड होती, आणि बाकीच्या रविवारांशी जुळत नव्हता." तिने यादीतली ओळ दाखवली. पुढे शेरा होता, निरीक्षकाची चूक.

"अहो, पण सोमवारचा बघा! सोमवारीही एकोणीसच आहे. जुळतंय की!"

"सोमवारी दर आठवड्यालाच उडी असते. तुमच्यामुळे."

 "आमच्या हिला विचारा. पॅंट तिनेच शिवली होती."

"पॅंटची नोंद वहीत नाही."

"मी सांगतोय ना, मॅडम. मी स्वतः सांगतोय."

 तिच्या पेन्सिलीचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आलेले तिने पाहिले नसतील असं नाही. पण सात महिने तिने याच माणसाचे आकडे एकेक करून खरे मानले होते. तिने पट्टी लावली आणि रेघ ओढली, बाकीच्यांपेक्षा जरा सावकाश, पण तितकीच सरळ.

"पुढचा वाचा."

ढेकूळरावांनी पान उलटलं. तारीख वाचली.

"कुठे होतात?"

"झोपलो होतो," ते म्हणाले, आणि हे तिने लगेच मानलं.